पानाशेजारची बाटली

आम्हां इंदूरकर मराठी घरांत सकाळच्या पोह्यांवरची शेव आणि शेजारची जिलबी यांचे स्थान अढळ आहे. अलीकडे त्यांच्या पंगतीला जीवनसत्त्वांची बाटलीही येऊन बसली आहे. परदेशी असलेली लेकरे ती प्रेमाने आणतात, आणि ‘हृदयाला चांगली’ एवढ्या प्रशस्तीवर ती घरभर फिरते.

या समजुतीला आधार नव्हता असे नाही. रोहिणीच्या भिंतीत मेदाचे थर साचतात, त्यात ऑक्सिडीभवनाचा हात असतो. ‘क’ व ‘ई’ जीवनसत्त्वे ते रोखतात, आणि फळे-भाज्या भरपूर खाणाऱ्यांत हृदयविकार कमी आढळतो. परंतु असा मनुष्य बहुधा चालतोही, विडी ओढत नाही, वेळेवर निजतो. मग श्रेय कोणाचे? ते ठरवायचे तर चिठ्ठ्या टाकून निम्म्या लोकांना खरी आणि निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी द्यावी लागते, आणि वर्षानुवर्षे वाट पाहावी लागते.

तशी परीक्षा झाली आहे. ‘होप’ नावाच्या प्रयोगात हृदयविकाराचा धोका असलेल्या साडेनऊ हजारांवर माणसांना साडेचार वर्षे ‘ई’ किंवा पोकळ गोळी दिली. २००० साली निष्कर्ष आला, झटके कमी झाले नाहीत. २००८ साली अमेरिकेतील १४,६४१ पुरुष डॉक्टरांवरील प्रयोगात ‘क’ आणि ‘ई’ दोन्ही निष्फळ ठरली. (वैद्यच प्रयोगाला बसले, हे आम्हांला फार आवडले.) फिनलंडचा अनुभव तर चटका लावणारा आहे. तेथे २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला, आणि बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग उलट वाढलेला १९९४ साली दिसून आला. गाजरात निरुपद्रवी असलेले द्रव्य कॅप्सूलमध्ये तसेच राहील, असा भरवसा धरता येत नाही.

आमची खरी तक्रार बाटलीच्या किमतीबद्दल नाही. आमच्या थोरल्या बंधूंनी ‘ई’ची कॅप्सूल सुरू केली आणि रक्तदाबाची गोळी सोडली. विचारले तर म्हणाले, “अरे, ही नैसर्गिक आहे, ती रसायन!” काही महिन्यांनी चक्कर येऊन पडले, रक्तदाब १९० निघाला. जी गोळी पक्षाघात आणि हृदयविकार खरोखर टाळते, तिची जागा या बाटलीने घेतली होती.

शाकाहारी घरांत ‘ब-१२’ची उणीव पुष्कळदा आढळते. तपासणीत ती निघाली तर गोळी अवश्य घ्यावी. ती रक्तासाठी आणि मज्जातंतूंसाठी आहे, हृदयाचा विमा म्हणून नव्हे. आणि वॉरफरिनसारखे रक्त गोठू न देणारे औषध चालू असेल तर अधिकच जपावे: ‘के’ जीवनसत्त्व त्याचा परिणाम कमी करते, ‘ई’च्या मोठ्या मात्रेने रक्तस्राव वाढू शकतो. डॉक्टरांकडे जाताना ती बाटलीच पिशवीत टाकून न्यावी.