आवाजाआधीची खटपट

रविवार. दिवसभर सुपरकोलायडर या ध्वनिनिर्मितीच्या प्रणालीसाठी प्लगइन बांधत बसलो. आवाज घडवणारा सी प्लस प्लसचा कोड जेमतेम पानभर. बाकी वेळ सीमेक या बांधणीच्या साधनाच्या सेवेत गेला. जेम्स मॅकार्टनींच्या, १९९६ साली आलेल्या सुपरकोलायडरमध्ये हल्ली भाषा वेगळी, आवाज काढणारा सर्व्हर वेगळा. त्यामुळे पॅकेजमध्ये दोघांचीही सोय हवी. क्लासची फाइल राहिली तर भाषेला प्लगइनची ओळखच नाही. सर्व्हरची राहिली तर वाजवताना ‘यूजेन’, म्हणजे आवाज घडवणारा घटक, ‘बसवलेला नाही’ असा कोरडा निरोप. सुपरनोव्हा या दुसऱ्या सर्व्हरसाठी पुन्हा निराळी बांधणी. लिनक्स, मॅक, विंडोज, प्रत्येकाचं सोवळं वेगळं! मदतीचं पान मात्र मी मनापासून लिहिलं. त्याशिवायचं प्लगइन मला अर्धवटच वाटतं. उद्या एआरएम प्रोसेसरवर बांधून बघायचं.