संत्र्याची साल

आमच्या भागात संत्रे हे कौतुकाचे फळ. सातपुड्याच्या पायथ्याच्या बागांतून बहार निघाला की घरोघर टोपल्या येतात आणि सोललेल्या सालीचा वास दोन दोन दिवस बोटांना राहतो. पण सोनाळ्याला माझ्या मामांच्या शेडमध्ये 'साल' हा शब्द कुणी हसत उच्चारीत नाही. दरवाजावर हात फिरवून मामा नुसते "साल आली" म्हणाले की हाताखालचा पोरगा मुकाट्याने बादलीत पाणी घेतो आणि पॉलिश पेपर भिजत घालतो. पुढचे दोन दिवस त्याचे कशात जाणार हे त्याला कळलेले असते.

मामा गाड्या रंगवतात. सोनाळा हे संग्रामपूर तालुक्यातले, सोनाजी महाराजांचे गाव. उत्तरेला लगेच डोंगर आणि त्यात अंबाबरव्याचे जंगल. दक्षिणेला टुनकी, वरवट बकाल करीत रस्ता शेगावला जातो. या रस्त्यावर धावणाऱ्या जीपगाड्या, ट्रॅक्टरची बोनेटे, एखादी लग्नात मिळालेली कार, असे सगळे मामांच्या पत्र्याच्या शेडमध्ये येते. कलाशाखेच्या विद्यार्थिनीने त्यात लक्ष घालावे असे काही नाही. पण उन्हाळ्याची सुट्टी मोठी, मामींच्या हातचा डबा शेडमध्ये पोहोचवायचे काम माझे, आणि डबा रिकामा होईपर्यंत तिथे बसावे लागे. त्या बसण्यातून मला जे कळले ते इथे लिहीत आहे.

आमच्या साहित्याच्या तासाला 'पोत' हा शब्द फार आदराने येतो. कवितेला पोत असतो, चित्राला पोत असतो. मामांच्या धंद्यात मात्र पोत मुळीच नसणे हीच कला. रंगात समोरच्या माणसाची मिशी सरळ दिसली पाहिजे. ती नागमोडी दिसली की समजावे, रंग सपाट पसरलाच नाही. थेंब जसे पडले तसेच उंचसखल वाळले. हीच ती साल. जगभरचे रंगारी या दोषाला संत्र्याच्याच सालीचे नाव देतात हे मला मागाहून कळले, तेव्हा उगाचच अभिमान वाटला.

ही साल येते कशी? गनमधून रंग निघतो तो धारेने नव्हे, धुक्याने. त्या धुक्याचा प्रत्येक कण म्हणजे थिनरमध्ये विरघळलेल्या रंगाचा थेंब. गनच्या तोंडापासून पत्र्यापर्यंत अंतर असते वीतभर. मामा खरोखरच वीत लावून दाखवतात: अंगठा गनला, करंगळी पत्र्याला. एवढ्या अंतरात थेंबातले थिनर थोडे उडून जाते. पत्र्यावर पोचल्यावर थेंबाच्या अंगात इतका ओलावा उरला पाहिजे की तो शेजारच्या थेंबात मिसळेल, पसरेल आणि मग वाळेल. रंग दाट असला, हवेचा दाब कमी पडून थेंब मोठे राहिले, गन लांब धरली, पत्रा तापलेला असला किंवा लवकर उडणारे थिनर घेतले, की पसरायला वेळच उरत नाही. फारच लांब धरली तर थेंब वाटेतच वाळतो आणि पत्र्यावर रंग नव्हे, रंगाची भुकटी बसते. हात फिरवला तर मांजराच्या जिभेसारखी लागते. उलट गन जवळ आली किंवा हात रेंगाळला की रंग जास्त होऊन ओघळ येतात. ओघळ निदान दिसतो तरी. साल उभ्या उजेडात दिसतच नाही. तिरप्या उजेडात, दोन दिवसांनी, मालकालाच आधी दिसते.

पोरगा नवा होता तेव्हा त्याचे मनगट फिरे. दरवाजाच्या मध्यावर गन बरोबर वीतभर आणि दोन्ही टोकांना दीड वीत. म्हणून मधला भाग आरशासारखा आणि कडा खरखरीत. मामांनी त्याला आठ दिवस नुसती रिकामी गन घेऊन भिंतीसमोरून चालायला लावले. "मनगट नको हालवू, खांदा हालव. अन् मागच्या पट्ट्यावर अर्धा पट्टा चढला पाह्यजे." गावातली पोरे ते पाहून हसत.

हे झाले हाताचे. पण सोनाळ्यात हातापेक्षा हवेचे जास्त चालते. मे महिन्यात आमच्याकडे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो आणि उन्हातल्या बोनेटवर तळहात टेकवत नाही. अशा वेळी दुपारी रंग मारणे म्हणजे तव्यावर पाणी शिंपडणे. म्हणून मामा उन्हाळ्यात पहाटे पाचला शेड उघडतात, सावकाश उडणारे थिनर घेतात आणि आठाच्या आत गन धुऊन ठेवतात. पावसाळ्यात उलटी तऱ्हा. जुन्या ड्यूकोच्या रंगात थिनर भराभर उडताना पत्रा गार पडे, त्यावर हवेतली वाफ धरे आणि रंग दुधाळ, बुरशी आल्यासारखा होई. त्यातच कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठते. ते रोज खालच्या तोटीने सोडले नाही तर नळीतून रंगात येते आणि फोड उठतात. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या रस्त्याने जाऊ लागल्या की आणखी एक शत्रू येतो: सरकीवरचे बारीक तंतू. ते हवेत तरंगतात आणि ओल्या रंगावर असे बसतात की जणू तिथेच त्यांचे घर.

म्हणून रंगाच्या आधीचे सोपस्कारच अधिक. जमिनीवर पाण्याचा सडा, म्हणजे धूळ उठणार नाही. रंग बारीक कापडातून गाळलेला. लांबी भरून, घासून, धुऊन झाल्यावर पत्र्यावर चिकट फडके हलकेच फिरवायचे. केसांना खोबरेल चोपडून आलेल्या पोराला पत्र्याजवळ मज्जाव, कारण तेलाचे बोट लागले की तिथे रंग धरत नाही, माशाच्या डोळ्यासारखी भोके पडतात. गाडी चकचकीत करायच्या सिलिकॉनच्या पॉलिशनेही तेच होते, आणि ते तर नुसत्या पाण्याने धुतले जात नाही. शेवटी मामा हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवतात आणि डोळे मिटून सबंध पत्रा चाचपतात. उघड्या हाताला जे जाणवत नाही ते पिशवीतल्या हाताला जाणवते. मी स्वतः करून पाहिले. घरी जाऊन आमच्या जेवणाच्या ताटावरही करून पाहिले, आणि मामींना ते आवडले नाही.

'ड्यूको' हा शब्द वर आला. आमच्या गॅरेजवाल्यांच्या तोंडी गाडीच्या कोणत्याही रंगाला तोच शब्द असे. मूळचे ते अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीच्या रंगाचे नाव. १९२३ साली जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर तो प्रथम आला. त्यापूर्वी गाडीला वार्निशाचे थर देऊन ते वाळण्याची वाट पाहण्यात आठवडे जात; या रंगाने ते काम तासांवर आणले. मामा हा रंग शिकले मुंबईत, १९८५ च्या सुमारास, पद्मिनी टॅक्सींवर. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी. टप पिवळा, खालचे अंग काळे. मामा सांगतात, पिवळा रंग दयाळू, काळा रंग निर्दय. पिवळ्यात चूक लपते. काळा प्रत्येक खळगा चारचौघांत सांगतो. ती शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ साली नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. मामांनी ती बातमी पेपरात वाचली आणि त्या दिवशी चहा दोनदा मागवला.

गेल्या उन्हाळ्यातली एक गोष्ट सांगते. मेच्या अखेरीला एक गृहस्थ काळी जीप घेऊन आले. घरात लग्न, दोन दिवसांवर. सकाळचे अकरा वाजून गेले होते. मामा म्हणाले, आज घासून ठेवतो, उद्या पहाटे रंग मारतो, परवा न्या. गृहस्थांना आजच हवी होती. "रंगच तर मारायचा हाये," ते म्हणाले. मामा म्हणाले, "रंग मी मारीन, पण वाळवणारं ऊन माह्या हातात नाही." गृहस्थ गाडी घेऊन दुसरीकडे गेले. लग्न झाले आणि पाचव्या दिवशी जीप पुन्हा शेडसमोर उभी. काळा रंग, आणि त्यावर बोनेटपासून मागच्या दारापर्यंत साल. छपराला तर भुकटीच. आम्ही ज्याला संत्रे म्हणतो ते हे नव्हे, हे कारले होते.

मामांनी आनंद दाखवला नाही. त्यांनी नखाने एक कोपरा दाबून पाहिला आणि रंग पुरता कडक होण्यासाठी गाडी आठ दिवस उभी ठेवायला सांगितली. मग घासकाम निघाले. रबराच्या ठोकळ्याला हजार नंबरचा पेपर, साबणाचे पाणी, मग पंधराशे, मग दोन हजार, आणि शेवटी रबिंग कंपाउंड. माझा हात हलका म्हणून मामांनी मलाही एक दरवाजा दिला. घासताना खळग्यांच्या मधले उंचवटे आधी मंद पडतात आणि खळगे चमकत राहतात. सारखे घासत गेले की चमकणारे ठिपके लहान लहान होत नाहीसे होतात. सगळे मंद झाले की थांबायचे. हे थांबणेच अवघड. कारखान्यातून येणाऱ्या गाडीवर सगळे थर मिळून रंग असतो शंभर-सव्वाशे मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या दीड-दोन केसांइतका. त्यातून साल काढायची म्हणजे रंगच काढायचा. कडांवर आणि घड्यांवर तो मुळात पातळ असतो. तिथे ठोकळा दोनदा जास्त फिरला की खालचा प्रायमर हसतो.

छपराची भुकटी घासून जाण्यासारखी नव्हतीच. ते सबंध घासून नव्याने रंगवावे लागले, अर्थात पहाटे. दरवाजांच्या खालच्या पट्टीवर मात्र मामांनी थोडी साल तशीच ठेवली. गृहस्थांनी नेमके तिथेच बोट ठेवले. मामा म्हणाले, "आता घासलं त रंग जाईन. कंपनीच्या कोऱ्या गाडीलेही एवढी साल असते, पाहून घ्या." ते खरे आहे, आपण नव्या गाडीकडे त्या नजरेने पाहत नाही इतकेच. मला मात्र तेव्हा वाटले आणि अजूनही वाटते, की मामांनी इतके समजावून सांगायला नको होते. त्या गृहस्थांना घासकामाचे पैसे जास्त वाटले आणि त्यांनी त्यातले काही दिलेच नाहीत.

आता जे लिहायचे ते लिहिताना जरा अडखळते आहे. गनमधून निघालेल्या धुक्यातले पत्र्यावर किती बसते? साध्या जुन्या गनने जेमतेम तिसरा हिस्सा. बाकीचे कुठे जाते? जमिनीवर, पत्र्याच्या छपरावर, आणि गन धरणाऱ्याच्या छातीत. ड्यूकोच्या जागी आता दोन डब्यांचा पी. यू. रंग आला आहे. एका डब्यात रंग, दुसऱ्यात हार्डनर. दोन्ही मिसळले की रासायनिक क्रिया होऊन काचेसारखा कडक थर बसतो. गिऱ्हाईक तोच मागते. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचे द्रव्य असते, आणि रंगाऱ्यांना दमा जडवणाऱ्या कारणांत त्याचे नाव वरचे आहे. शरीराने एकदा त्याचा राग धरला की पुढे थोडासा संपर्कही पुरतो. नाकाला दुपट्टा बांधून ते अडत नाही. त्याला नळीने बाहेरची स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा लागतो, आणि मोठ्या कारखान्यांत तर माणसाऐवजी यंत्राचा हातच रंग मारतो.

मामा तीस वर्षांहून अधिक काळ दुपट्ट्यावर राहिले. दोन वर्षांपूर्वी रात्री त्यांची छाती वाजू लागली. अकोल्याच्या डॉक्टरांनी सगळे विचारून घेतले आणि गन बंद करा म्हणून सांगितले. मामांनी कमी दाबाची नवी गन आणून पाहिली. तिने रंग वाया कमी जातो, निम्म्याहून जास्त पत्र्यावर बसतो. पण तिला हवा भरपूर लागते आणि आमचा कॉम्प्रेसर तिला पुरा पडेना, की लगेच साल. मोठा कॉम्प्रेसर आणि हवेचा मुखवटा, दोन्हीसाठी त्यांनी सोसायटीत कर्जाचा अर्ज केला. तो मंजूर झाला तेव्हा मामी म्हणाल्या, आधी मुखवटा. मामा म्हणाले, आधी कॉम्प्रेसर. साल आली तर गिऱ्हाईक जाईल आणि मग मुखवटा घालून काय करायचे? चार दिवस घरात अबोला होता. मी मामींच्या बाजूने बोलले. "तू शिकेल हायेस, तुले तसंच दिसन," मामा म्हणाले, पण रागाने नाही. शेवटी मुखवटा आला. तो पोराच्या मापाचा आहे.

आता गन पोरगा धरतो. मामा आत जात नाहीत. शेडच्या बाहेर, वाऱ्याच्या उलट्या बाजूला, कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसतात. ओल्या पत्र्यावर धुके पडण्याचा आवाज भरीव असतो आणि कोरडे पडू लागले की तो पातळ, फसफसता होतो, असे ते सांगतात. मी कान देऊन पुष्कळ ऐकले, मला दोन्ही सारखेच वाटले. पण परवा सकाळी सहाच्या सुमारास आत काम चालू असताना मामा एकदम ताठ बसले आणि पत्र्याच्या भिंतीवर काठी ठोकून ओरडले, "लांब गेला रे हात! वीतभर ये!" आतला आवाज क्षणभर थांबला, आणि मग पुन्हा सुरू झाला.