अप्पांची काच

जबलपूरच्या आमच्या घरात खिडकीच्या फळीवर काचेची एक वाकवलेली नळी पडून असते. काटकोनात वळलेली, वीतभर. ती अप्पांनी वाकवली आहे आणि ती बिघडलेली आहे. वळणाच्या आतल्या बाजूला काच चेपून भोक अर्धं बुजलंय. असली नळी एखाद्या विद्यार्थ्याने आणून दाखवली असती तर अप्पांनी ती निमूटपणे कचऱ्याच्या डब्यात टाकली असती.

अप्पा इथल्याच एका कॉलेजात रसायनशास्त्राचे डेमॉन्स्ट्रेटर होते. दर जुलैत नव्या मुलांना ते आधी काच वाकवायला शिकवत. बर्नरवर टोपी बसवून ज्योत माशाच्या शेपटीसारखी पसरट करायची. नळी आडवी धरून दोन्ही हातांनी सारख्या गतीने फिरवत राहायची. थोड्या वेळाने ज्योत पिवळी होते. काचेतला सोडियम बोलू लागतो. तरी घाई करायची नाही. काच बर्फासारखी एका ठराविक क्षणी वितळत नाही, हळूहळू सैल पडते. ती आपल्याच वजनाने झुकू लागली की ज्योतीबाहेर काढायची आणि एकाच सावकाश हालचालीत वळवायची. "वाकवू नका रे, वाकू द्या," असं ते म्हणत. मग पुन्हा धुरकट ज्योतीत धरून काजळी चढेपर्यंत निववायची, नाहीतर आतला ताण तसाच राहतो आणि नळी रात्री कधीतरी आपोआप तडकते.

काचेचं हे प्रेम आजोबांकडून आलेलं. ते तळेगावकडचे. अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी वर्षाला एक पैसा गोळा करून उभारलेल्या फंडातून 1908 साली तळेगावात काच कारखाना निघाला, त्याचा त्यांना कोण अभिमान! नोकरीसाठी जबलपूरला आले तरी घरात चिमणीची काच फुटली की त्यांना चार आण्यांपेक्षा स्वदेशीचं दुःख जास्त होई.

प्रकाशाचं वाकणं मी अप्पांकडूनच शिकले, पण ग्वारीघाटावर. नर्मदेत नावाड्याचं वल्हं पाण्यात शिरताच मोडल्यासारखं दिसे. अप्पा म्हणत, पाण्यात प्रकाशाची चाल मंदावते म्हणून तो वळतो. काचेत आणखी मंदावते, सेकंदाला तीन लाख किलोमीटरची दोन लाखांवर येते. सरळ, लंब शिरला तर मात्र वळत नाही. पुढे बी.एस्सी.ला साठ अंशांच्या लोलकाभोवती टाचण्या टोचून मी किमान विचलन मोजलं, सदतीस अंशांच्या आसपास. घरी येऊन सांगितलं, तर त्यांनी फक्त विचारलं, "टाचण्या उभ्या होत्या ना?"

1983 साली, चोपन्नाव्या वर्षी, त्यांच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू काढले. (आयुर्वेदात तिमिर वाढून होणाऱ्या अवस्थेचं नाव 'काच' असं आहे. मराठीत काच म्हणजे जाचही. दोन्ही अर्थ त्यांना लागू पडले.) तेव्हा डोळ्यात भिंग बसवणं सर्रास नव्हतं, बाहेर दहा नंबरचा जाड चष्मा यायचा. त्यातून सगळं पाव हिश्शाने मोठं आणि म्हणून जवळ दिसतं. दाराच्या चौकटी मध्यावर आत ओढल्यासारख्या वाकतात. भिंगाच्या कडेला एक आंधळा पट्टा असतो, त्यातून माणूस एकदम समोर उगवतो. डॉक्टरांनी सांगितलं, डोळे फिरवू नका, मान फिरवा, नाकासमोर बघा. जन्मभर नाकासमोर चाललेल्या माणसाला हे सांगावं लागलं, याचं आईला हसू आलं. मलाही आलं. त्याची आज लाज वाटते.

चहा कपाच्या अलीकडे ओतला जाई, ते आम्ही पाहत होतो. प्रयोगशाळेत काय होत होतं, ते नाही. महिन्याभरात अप्पांनी स्टोअरचं काम मागून घेतलं. "उभं राहणं होत नाही आता," एवढंच घरी सांगितलं. त्यांच्या बोटांवर फोड होते. मी विचारलं तर म्हणाले, आम्ल सांडलं. खरं काय ते त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याने मला कितीतरी वर्षांनी सांगितलं. ज्योत त्यांना होती त्यापेक्षा जवळ दिसायची. सगळे गेल्यावर ते एकटेच नळ्या वाकवत बसत. एकही जमेना. त्यातली एक त्यांनी खिशात घालून घरी आणली. का आणली, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

22 मे 1997 च्या पहाटे भूकंप झाला. अंधारात चष्मा पडला आणि फुटला. मी त्यांचा हात धरायला गेले, तर त्यांनीच माझा धरला आणि भिंतीला तळवा लावत सरळ अंगणात आणलं. फळीवरचे ग्लास फुटले होते. नळी शाबूत होती. "नीट निववली होती," अप्पा म्हणाले. नळीबद्दल ते एवढं एकदाच बोलले.

गेल्या हिवाळ्यात माझाही मोतीबिंदू निघाला. आता दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून घडी घातलेलं भिंग आत सोडतात, ते आत गेल्यावर उलगडतं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. मी घरी येऊन आधी दाराची चौकट पाहिली. सरळ होती. मग नळी उचलून उजेडात धरली. चेपलेल्या जागेपाशी काजळीचा बारीक थर अजून आहे. आजवर मी तो धूळ समजत होते.