शब्दांच्या भेंड्या

पावसाळ्यांत मैदानावर चिखल झाला म्हणजे खेळाच्या तासाला मुलांना कोठें न्यावें, हा प्रश्न सर्व शाळांतून दरसाल उभा राहतो. आणि त्याचें उत्तर मुलांनीं फार पूर्वींच शोधून ठेविलेलें आहे. शिक्षक वर्गांत शिरण्यापूर्वींच बाकांच्या दोन रांगांचे दोन पक्ष झालेले असतात, आणि "सर, भेंड्या!" अशी एकमुखी मागणी होते. पालकांनाहि हा खेळ ठाऊक आहे. एस्. टी.च्या लांबच्या प्रवासांत, लग्नाच्या मांडवांत, वीज गेलेल्या संध्याकाळीं तो त्यांनीं खेळलेला आहे. परंतु तो बहुधा गाण्यांच्या भेंड्यांचा. आम्हांस येथें बोलावयाचें आहे तें शब्दांच्या आणि गांवांच्या भेंड्यांविषयीं. गाण्यांत एखादें अक्षर अडलें तर सूर आपल्याला सांवरून घेतो; शब्दांत सांवरून घेणारें कोणी नसतें.

नियम सांगणें जवळ जवळ अनावश्यक आहे. एका पक्षानें शब्द द्यावा. त्याच्या शेवटच्या अक्षरानें आरंभ होणारा शब्द दुसऱ्यानें द्यावा. एकदां आलेला शब्द पुन्हां घेऊं नये. दहा अंक मोजून होईपर्यंत उत्तर न आल्यास भेंडी चढली. एवढेंच. पण "शेवटचें अक्षर म्हणजे कोणतें?" असें विचारतांच खरी मौज सुरू होते. "सातारा" ह्या नांवानंतर रा घ्यावा कीं र? "रक्त" नंतर क्त घ्यावा कीं त? "वृक्ष" नंतर क्ष आला तर तो फोडावा कीं तसाच ठेवावा? व्याकरणाच्या तासाला जोडाक्षर म्हटलें कीं जांभया देणारीं मुलें ह्या प्रश्नांवर वकिलांसारखीं भांडतात. काना-मात्रा सोडून द्यावी, जोडाक्षरांतील शेवटचें व्यंजन घ्यावें, परंतु क्ष आणि ज्ञ यांस स्वतंत्र अक्षरांचा मान द्यावा, असा आमच्या वर्गाचा निवाडा आहे. तो शास्त्राला धरून आहे असें आम्ही म्हणत नाहीं. चालतो, एवढें खरें.

आतां ण आणि ळ ह्या दोन अक्षरांची गोष्ट ऐका. ह्यांनीं सुरू होणारा शब्द आजच्या मराठींत नाहीं. आणि ह्यांवर संपणारे शब्द तर पावलोपावलीं आहेत. अंगण, दळण, वरण, सण. कमळ, नारळ, तांदूळ, बाभूळ, गूळ. म्हणजे मराठी घरांतील स्वयंपाकघर आणि अंगण मिळून ह्या खेळांतले सगळे खड्डे तयार करतात! म्हणून ण आला तर न घ्यावा आणि ळ आला तर ल घ्यावा, अशी सवलत सर्वत्र रूढ झाली. गंमत अशी कीं, ज्या महाराष्ट्री प्राकृतांत हाल सातवाहनाच्या नांवावर असलेली गाथासप्तशती रचलेली आहे, त्या भाषेंत ण नें सुरू होणारे शब्द विपुल होते. नदीला "णई" म्हणत, नगराला "णअर" म्हणत. आपले ते पूर्वज ह्या खेळाला बसते तर ण वर त्यांची भेंडी कधींच चढली ना!

ही अडचण केवळ आपलीच आहे असेंहि नाहीं. जपानांत मुलें "शिरितोरि" नांवाचा अगदीं असाच खेळ खेळतात. रिंगो म्हणजे सफरचंद. त्यावर गोरिरा म्हणजे गोरिला. त्यावर राप्पा म्हणजे तुतारी. त्यांची लिपीहि आपल्यासारखी अक्षरांचीच, सुट्या व्यंजनांची नव्हे. परंतु त्यांच्यांत "न्" असें एक एकटें अक्षर आहे, आणि त्यानें कोणताहि शब्द सुरू होत नाहीं. आपण सवलत दिली. जपानी मुलांनीं शिक्षा ठेविली. ज्याचा शब्द "न्" वर संपला तो हरला. "मिकान्" म्हणजे संत्रें. तें ज्याच्या तोंडून निघालें त्यानें खेळांतून उठावें. उलट रशियन मुलें शहरांच्या नांवांची सांखळी करतात, तेव्हां कझान शहराच्या नांवाशेवटीं येणारें मृदुचिन्ह सोडून देऊन त्याआधींचें न घेतात. ह्या बाबतींत आम्ही रशियन मुलांच्या पंक्तीला बसतों.

गांवांच्या भेंड्यांत ण आणि ळ पेक्षां र अधिक छळतो. महाराष्ट्रांत आज ३६ जिल्हे आहेत. त्यांपैकीं नागपूर, चंद्रपूर, कोल्हापूर, सोलापूर, लातूर, पालघर, नंदुरबार, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर, मुंबई शहर आणि मुंबई उपनगर अशीं ११ नांवें निखळ र वर संपतात. सातारा, भंडारा आणि रत्नागिरी धरल्यास १४ होतात. आणि र नें सुरू होणारे जिल्हे किती? रत्नागिरी आणि रायगड, दोनच. आणि रायगड म्हणावें तर ड नें सुरू होणारा जिल्हाच नाहीं. मग मुलें तालुक्यांकडे धांव घेतात: राजापूर, रावेर, राहुरी, राधानगरी. पण हीं नांवेंहि पुन्हां र वरच येऊन थांबतात! रामटेक किंवा रिसोड ज्याला वेळेवर आठवलें तो सुटला. उलट मुंबईच्या ई वरून इगतपुरी, इचलकरंजी, इंदापूर अशा वाटा फुटतात, आणि आगगाडीला घाट चढावयास जो वेळ लागतो त्याच्या शतांशानें मूल मुंबईहून इगतपुरीस पोंचतें.

२०२३ सालीं औरंगाबादचें छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचें धाराशिव झालें. २०२४ सालीं अहमदनगरचें अहिल्यानगर झालें. जुनीं नांवें खेळांत चालावींत कीं नाहींत, हा वाद आमच्या वर्गांत अर्थातच झाला. दोन्ही चालावींत, मात्र एक गांव एकदांच मोजावें, असें ठरलें. एका मुलाच्या मात्र निराळेंच लक्षांत आलें. तो म्हणाला, "सर, आधीं दोन जिल्हे द वर संपत होते, आणि द चा जिल्हाच नाहीं. आतां धाराशिववर वर्धा तरी देतां येतें." नामांतराविषयीं इतकें निर्विकार मत आम्हीं दुसरें ऐकलेलें नाहीं.

येथवर झाली ती स्मरणाची परीक्षा. परंतु नांव आठवणें आणि वस्तु ओळखणें हीं दोन निराळीं आहेत, आणि हल्लीं हा भेद फारच वाढला आहे. भ्रमणध्वनीवर अक्षरवार याद्या मिळतात. त्या पाठ करून येणारा मुलगा एकटा सगळ्या वर्गाला पुरून उरतो. असाच एक गडी र वर अडला असतां "रेक्याविक!" म्हणून मोकळा झाला. "हें कोठें आहे, बाळ?" असें आम्हीं विचारतां उत्तर आलें, "परदेशांत, सर." त्या दिवसापासून आम्हीं एक नियम घातला: जो शब्द देईल त्यानें, विचारल्यास, तो शब्द काय आहे हें आपल्या भाषेंत सांगावें, सांगतां न आल्यास शब्द बाद. पुढच्याच आठवड्यांत तो मुलगा रेक्याविक ही आइसलंडची राजधानी असून तेथें जमिनींतील ऊन पाण्यानें घरें उबदार ठेवितात, इतकी माहिती घेऊन आला आणि आपला बाद झालेला शब्द परत मिळवून गेला.

हा नियम आम्हीं घातला तो पाठांतराला आळा बसावा म्हणून. त्याचा दुसरा उपयोग गेल्या पावसाळ्यांत दिसला.

एका मुलीच्या वडिलांची बदली किनाऱ्यावरून घाटावर, आमच्या गांवीं झाली होती. शाळा सुरू होऊन महिना लोटला तरी ती वर्गांत फारशी बोलत नसे. तिच्या बोलण्यांतला हेल ऐकून दोन-चार मुलें एकमेकांकडे पाहून हंसतात, हें आमच्या नजरेस आलें होतें. त्या दिवशीं समोरच्या पक्षानें "ओळख" हा शब्द दिला. ख चे शब्द बहुतेक होऊन गेले होते. खडू, खुर्ची, खिडकी, खांब, खारीक, सगळें संपलें होतें. अंक सातावर गेला. तेव्हां ती हळूच म्हणाली, "खाजण."

क्षणभर शांतता, आणि मग हंसण्याची लाट. "असा शब्दच नाहीं!" "हिला खाज म्हणायचें असेल!" तिच्या स्वतःच्या पक्षांतल्या मुलीसुद्धां तिच्याकडे रागानें पाहूं लागल्या. कारण भेंडी चढणार ती सगळ्यांवर. अशा वेळीं मूल खालीं बसतें, आणि एकदां खालीं बसलेलें मूल पुन्हां वर्षभर उठत नाहीं. आमच्या नोकरीचीं इतकीं वर्षें आम्हीं हें पाहिलेलें आहे. आम्हीं केवळ नियमाची आठवण दिली: "शब्द काय आहे तें सांगावें."

ती उभी राहिली. "खाडीच्या कांठीं भरतीचें पाणी ज्या जमिनीवर चढतें ना सर, ती जमीन. तिथें तिवरें असतात. बांध घातला तर आंत भात होतो. बांध फुटला तर सगळें खारें."

"बांध फुटला तर मग काय करतात?" हा प्रश्न आमचा नव्हता, समोरच्या पक्षांतल्या एका शेतकऱ्याच्या मुलाचा होता.

"पुन्हां घालतात."

त्यावर तो मुलगा आपल्या पक्षाकडे वळून म्हणाला, "शब्द बरोबर आहे. ण वर संपला. न घ्या." आणि उत्तरहि त्यानेंच दिलें: "निंदणी." आतां बुचकळ्यांत पडण्याची पाळी गांवठाणांतल्या मुलांवर आली, निंदा आणि निंदणी यांचा संबंध काय? खुरप्यानें पिकांतलें तण काढणें म्हणजे निंदणी, हें त्यानें हात करून दाखविलें. पुन्हां ण, पुन्हां न. ती मुलगी: "निवटी." खाजणाच्या चिखलांत उड्या मारणारा लहानसा मासा. ट आला. तो मुलगा: "टोकण." एकेक बीं हातानें जमिनींत टोंचून पेरण्याची तऱ्हा. पुन्हां न. तिच्या पक्षांतला, आजवर मुका राहिलेला तिसराच एक मुलगा: "नाडा." मोटेचा दोर. त्याच्या आजोबांची मोट कधींच थांबली, विहिरीवर विजेचा पंप बसला, पण नाडा अजून गोठ्यांत खुंटीला आहे. याद्या पाठ करून येणारी मंडळी त्या तासाला श्रोते झाली. कोणावरहि भेंडी न चढतां घंटा झाली.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं ग्रंथालयांतून महाराष्ट्र शब्दकोशाचा खंड वर्गांत आणविला. यशवंत रामकृष्ण दाते, चिंतामण गणेश कर्वे आणि त्यांचे सहकारी यांनीं १९३२ ते १९३८ ह्या काळांत ह्या कोशाचे सात खंड प्रसिद्ध केले. त्यांत "खाजण" सांपडला. तो शब्द त्यापूर्वीं, १८३१ सालीं प्रथम निघालेल्या मोल्सवर्थच्या कोशांतहि आहे. आणि गोव्यांत तर खाजन शेतीचे बांध आणि त्यांच्या पाणी सोडण्याच्या मानशी प्रसिद्धच आहेत. हे दोन्ही कोश आज शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहतां येतात, हें पालकांनीं लक्षांत ठेवावें. दाते-कर्वे यांच्या कोशांत कित्येक शब्दांपुढें कंसांत कों., गो., व., खा. अशीं अक्षरें असतात. कोंकण, गोमंतक, वऱ्हाड, खानदेश. कांहीं मुलांना वाटलें कीं ही अशुद्धाची खूण असावी. ती खूण नव्हे. तो त्या शब्दाचा पत्ता आहे. पत्ता असलेल्या माणसाला आपण परका म्हणत नाहीं.

आणि कोशांत शब्द नसला तर? हाहि प्रश्न निघालाच. कोश करणारीं माणसेंच होतीं. प्रत्येक घराच्या चुलीपाशीं त्यांना जातां आलें नाहीं. म्हणून असें ठरलें कीं, मुलानें शब्दाचा अर्थ सांगावा आणि घरच्या एखाद्या वडील माणसाकडून, आजीकडून म्हणा, त्याची चिठ्ठी आणावी. चिठ्ठी आली कीं शब्द ग्राह्य. अशा शब्दांसाठीं वर्गांत एक जाड वही केली आहे. एकेका अक्षराला एकेक पान. ख च्या पानावर पहिला शब्द त्या मुलीनें आपल्या हातानें लिहिला आहे, आणि त्याखालीं तिनें आणखी सहा लिहिले आहेत. पहिल्या दिवशीं सर्वांत मोठ्यानें हंसलेला मुलगा हल्लीं खेळ सुरू होण्यापूर्वीं तिच्याच पक्षांत जागा मिळावी म्हणून खटपट करतो.

वहींतील बहुतेक पानें आतां भरत आलीं आहेत. ढ च्या पानावर मात्र अद्याप दोनच शब्द आहेत. त्या अक्षरापासून मुलें दूर कां राहतात हें शाळेंत शिकलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. तरी पालकांपैकीं कोणाच्या घरीं एखादा ढ असल्यास (शब्द, एवढेंच आमचें म्हणणें) त्यांनीं तो अर्थासह चिठ्ठीवर लिहून मुलाबरोबर पाठवावा.