डून लेरी : काचेवरचे तीन कागद



२०२३ च्या शवुओथनंतर मी माझ्या भाचीकडे आयर्लंडला महिनाभर राहून आले. ती डब्लिनच्या दक्षिणेला, समुद्रकाठी, डून लेरी नावाच्या गावात राहते. हे नाव लिहितात एक आणि म्हणतात भलतंच. पाटीवरचं स्पेलिंग मी शाळेत शिकल्याप्रमाणे अक्षर-अक्षर लावून वाचलं तर जावई हसायला लागले. डून म्हणजे किल्ला, आणि लेरी हा तिथला जुना राजा. १८२१ साली इंग्लंडचा राजा चौथा जॉर्ज या बंदरातून परत गेला, म्हणून गावाचं नाव किंग्जटाउन ठेवलं होतं. १९२० साली लोकांनी आपलं जुनं नाव परत घेतलं. मुंबईकरांना हे काही समजावून सांगायला नको.

मुलांनो, आता तुमच्यासाठी एक खेळ सांगते. आयर्लंडच्या गाडीचा नंबर बघितला की तिचं वय कळतं. पहिले आकडे वर्षाचे, मग जिल्ह्याचं अक्षर. भाचीच्या गाडीवर ०९ आणि मग डब्लिनचा डी, म्हणजे गाडी २००९ ची. २०१३ पासून वर्षाचे दोन भाग केले, १३१ आणि १३२. एक कारण असं सांगतात की १३ हा अशुभ आकडा पाटीवर कोण घेणार! भाचीची मुलं आणि मी रोज संध्याकाळी धक्क्यावर फिरायला जायचो तेव्हा हाच खेळ चालायचा. पूर्वेचा धक्का सव्वा किलोमीटरच्या वर लांब आहे, माझ्या गुडघ्यांना जाऊन-येऊन पुरे.

भाचीच्या गाडीच्या काचेवर तीन छोटे कागद लावलेले होते. एक कराचा, एक विम्याचा, आणि एक तपासणीचा. तपासणीला ते एनसीटी म्हणतात. आपल्याकडे 'टेस्ट' म्हणतो तीच ही. २००० सालापासून ती आली. चार वर्षांहून जुनी गाडी दर दोन वर्षांनी, आणि दहा वर्षांहून जुनी दरवर्षी न्यावी लागते. ब्रेक, दिवे, टायर बघतात आणि नळीतून किती धूर येतो तेही मोजतात. मी गेले त्याच आठवड्यात आमची गाडी धुरात नापास झाली.

गाडी डिझेलची. ती का घेतली, याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. जुलै २००८ पासून आयर्लंडमध्ये नव्या गाडीचा कर इंजिनाच्या आकारावर न घेता कार्बन डायऑक्साइडवर घ्यायला सुरुवात झाली. डिझेलची गाडी तो वायू कमी सोडते, म्हणून तिचा कर कमी. मग काय, काही वर्षांतच नव्या दहा गाड्यांपैकी सात डिझेलच्या येऊ लागल्या. पण डिझेलच्या धुरात बारीक काजळी आणि नायट्रोजनचे वायू जास्त. हवामानाला बरं ते छातीला वाईट निघालं. २०२० पासून नव्या गाडीवर नायट्रोजनच्या वायूंचाही कर लावला आहे. एका दुखण्यावर गोळी दिली आणि दुसरं उठलं, असं वॉर्डात आम्ही पुष्कळदा बघितलं आहे.

जावई म्हणाले, "मावशी, आम्ही सरकारचं ऐकूनच ही गाडी घेतली. आता चोर आम्हीच?" त्यांचं खोटं नव्हतं. भाचीही नर्स आहे. तिची रात्रपाळी सुटते तेव्हा गाडीशिवाय इलाज नसतो. दारातून विजेची लोकल जाते, १९८४ पासून, पण ती रात्रभर थोडीच चालते?

गाडीचा दोष असा होता, की डिझेलच्या गाडीला काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ राहायला लांबची धाव लागते. यांच्या फेऱ्या शाळा, बाजार, समुद्रकाठ. दहा-दहा मिनिटांच्या. फिल्टर चोंदला. एका ओळखीच्या मेकॅनिकने सल्ला दिला, "फिल्टर काढूनच टाका, नवा महाग पडेल. कोण बघतंय?" जावई विचारात पडले. पैशांचा प्रश्न होता.

मी पाहुणी. जावयाच्या व्यवहारात बोलू नये, हे मला आईने शिकवलेलं. पण त्या रात्री मी बोलले.

आम्ही हैफ्याजवळ किर्यात यामला राहत होतो. आमच्या घरच्यांचा डिझेलचा जुना ट्रक होता, त्यावर घर चाललं, मुलं शिकली. २०१८ साली हैफा शहरात फिल्टर नसलेल्या डिझेल ट्रकांना बंदी आली. पुढे २०२० मध्ये यरुशलेमलाही तसाच नियम झाला. हे म्हणाले, "माझी गाडी काय महारोगी आहे, की गावाबाहेर बसवतात?" फिल्टर बसवला नाही. आडवाटेने ट्रक नेत राहिले. मी चाळीस वर्षं मुलांच्या तोंडाला वाफेचा मुखवटा लावला, धाप लागलेली पोरं रात्र-रात्र मांडीवर घेतली, आणि घरी मात्र गप्प बसले. ट्रकवर आमचं पोट होतं ना! ते दोन वर्षांनी गेले, हृदयविकाराने. धुराने गेले असं मी म्हणणार नाही, ते खरं ठरणार नाही. पण मी बोलायला हवं होतं, एवढं खरं.

भाचीचा धाकटा इनहेलर घेतो. मी जावयांना म्हटलं, "अहो, तो धूर बरोबर त्याच्या उंचीवर निघतो."

त्यांनी फिल्टर काढला नाही. साफ करून घेतला. पैसे गेले, पण फेरतपासणीत गाडी पास झाली.

डब्लिनमध्ये धुराची दुसरीही एक हकिगत आहे. पूर्वी तिथे घरोघर कोळशाच्या शेगड्या. हिवाळ्यात शहर काळं व्हायचं. १ सप्टेंबर १९९० पासून धुराचा कोळसा विकायला बंदी झाली, तेव्हा हवेतला काळा धूर सुमारे ७० टक्क्यांनी कमी झाला आणि श्वासाच्या विकारांनी होणारे मृत्यूही घटले. ओरड तेव्हाही झालीच असेल.

आणि डून लेरीत बिनधुराची आगगाडीसुद्धा होती! १८३४ साली आयर्लंडची पहिली रेल्वे याच गावापर्यंत आली, आपल्या बोरीबंदर-ठाण्याच्या आधी १९ वर्षं. पुढे १८४४ पासून दहा वर्षं डून लेरी ते डॉकी ही गाडी हवेच्या दाबाने चढ चढायची आणि उतारावरून आपोआप खाली यायची. नळीच्या चामड्याला चरबी लावत, ती उंदीर खात असत म्हणे. पण गंमत बघा, हवा ओढणारं इंजिन डॉकीला कोळशावरच चालायचं. धूर गेला नव्हता, जागा बदलली होती. विजेच्या गाड्या घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

जवळच सँडीकोव्हला जेम्स जॉइसचा बुरूज आहे. त्याच्या गाजलेल्या कादंबरीचा नायक ब्लूम हा ज्यू. आपले राष्ट्रपती खाईम हर्झोग बेलफास्टला जन्मले आणि डब्लिनला वाढले. १९८५ साली डब्लिनचं ज्यू संग्रहालय त्यांच्याच हस्ते उघडलं. त्या देशात आपलं अगदीच कोणी नाही असं वाटलं नाही.

परदेशी मुलांकडे जाणाऱ्यांना एक सांगते. भाड्याची गाडी घेतली तर नियम आधी विचारा. बर्लिनच्या मध्यभागी काचेवर हिरवी गोल चिकटपट्टी लागते. लंडनला पट्टी नसते, कॅमेराच नंबर वाचतो, आणि जुन्या गाडीला दिवसाला साडेबारा पौंड पडतात. ऑगस्ट २०२३ पासून हे सगळ्या लंडनभर झालं. दिल्लीत २०१८ पासून पेट्रोल-सीएनजीला निळी आणि डिझेलला नारिंगी पट्टी आली. आणि मुंबईची पद्मिनी टॅक्सी, जिच्यात बसून आपण लग्नांना गेलो, ती ऑक्टोबर २०२३ मध्ये वयोमर्यादेने रस्त्यावरून गेली. डोळे भरून आले, पण तिचा धूरही मला आठवतो.

भाचीची गाडी अजून तीच आहे. पण मुलं शाळेला सायकलने जातात. २०२० साली समुद्रकाठच्या रस्त्याचा अर्धा भाग सायकलींना दिला आहे, त्यावरून. आणि जावई शाळेपाशी थांबले तर इंजिन बंद करतात.

नवा कागद काचेवर लागला त्या संध्याकाळी भाचीने मलिदा केला. जावई म्हणाले, "गाडी पास झाली एवढ्यासाठी?" ती म्हणाली, "गाडीसाठी नाही." पोहे तिथे भारतीय दुकानात मिळतात, खोबरं मी नेलंच होतं. एलियाहू हन्नबीचं नाव घेतलं, धाकट्याने दोनदा मागून खाल्लं, आणि त्या रात्री तो खोकला नाही.