आलेखाला प्रश्न विचारा

समाजाची वाटचाल भाषणातून सांगितली जाते, तशी ती आकड्यांतूनही सांगता येते. बाबासाहेबांना हे पक्के ठाऊक होते. १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या रुपयाच्या प्रश्नावरील त्यांच्या ग्रंथात जागोजागी कोष्टके आहेत. तरीही आपल्या घरांत आकड्यांचा विषय निघाला की, "ते शिकल्यासवरल्यांचं काम" म्हणून आपण उठून जातो. हे चित्र बदलू शकते. ते कसे, याचा यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या विहारात आलेला अनुभव येथे सांगते.

विहाराच्या भिंतीवर बौद्धांच्या लोकसंख्येचा एक आलेख लावलेला आहे. मुलांनी चौकटीच्या कागदावर स्केचपेनने काढलेला. १९५१ साली देशात बौद्ध सुमारे १ लाख ८१ हजार होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मक्रांती झाली आणि १९६१ च्या जनगणनेत हीच संख्या साडेबत्तीस लाखांवर गेली. महाराष्ट्रात तर ती अडीच हजारांच्या आतून २७ लाख ८९ हजारांवर पोहोचली. पुढे १९७१ ला देशात ३८ लाख, १९८१ ला ४७ लाख, १९९१ ला ६४ लाख, २००१ ला ७९ लाख ५५ हजार आणि २०११ ला ८४ लाख ४३ हजार. निळी रेघ सारखी वर चढते. येणारा-जाणारा पाहतो, त्याची छाती फुगते, आणि तो पुढे जातो.

माझी भाची संगणक शिकलेली. ती म्हणाली, "मावशी, ही रेघ नुसती दिसते, बोलत नाही. हिला बोलती करू." मला वाटले, भिंतीवरच्या आलेखाचा फोटो काढून मोबाईलवर टाकेल. ती म्हणाली, "फोटोत फक्त रंग राहतो, आकडा राहत नाही. आपल्याला मूळचे आकडेच पाहिजेत." तिने जनगणनेची कोष्टके उतरवून घेतली. एका ओळीत एक वर्ष किंवा एक तालुका, आणि पुढे त्याची संख्या. मग पायथॉन नावाच्या संगणकीय भाषेत प्लॉटली नावाचे मोफत साधन वापरून तिने त्याच आकड्यांचा आलेख केला. तो एका फाईलमध्ये मावला. ती फाईल मोबाईलच्या ब्राउझरमध्ये उघडते. एकदा उतरवून घेतली की नेट नसले तरी चालते.

या आलेखात ठिपक्यावर बोट ठेवले की वर्ष आणि नेमकी संख्या दिसते. वर यादी आहे. तीतून देश, महाराष्ट्र किंवा आपला जिल्हा निवडता येतो. जिल्ह्याच्या सोळा तालुक्यांचे खांब वेगळे आहेत. आणखी एक बटण दाबले की एकूण संख्येऐवजी दर दहा वर्षांची वाढ टक्क्यांत दिसते. अशी तीन-चार चित्रे एका पानावर मांडली की त्याला डॅशबोर्ड म्हणतात.

रविवारच्या वंदनेनंतर हा मोबाईल महिला मंडळात फिरला. आयुष्यात कधी आलेखापुढे न थांबलेली एक म्हातारी आजी विचारू लागली, "आपलं दिग्रस कोठी हाये वं यात?" बोट ठेवले, आकडा आला. मग पुसद झाले, उमरखेड झाले, वणी झाले. पण खरी शांतता पसरली ती टक्क्यांचे बटण दाबल्यावर.

१९८१ ते १९९१ मध्ये वाढ ३५ टक्के. त्यापुढील दशकात साडेचोवीस. आणि २००१ ते २०११ मध्ये फक्त ६.१ टक्के! त्याच दहा वर्षांत देशाची लोकसंख्या १७.७ टक्क्यांनी वाढली. भिंतीवरची चढती रेघ खोटी नव्हती, पण तिच्यात ही गोष्ट उघड दिसत नव्हती.

लगेच प्रश्न सुरू झाले. १९९१ ला एवढी उडी का? १९९० साली कायदा दुरुस्त होऊन बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, म्हणून लोक निर्भयपणे धर्म सांगू लागले का? आणि पुढे वाढ का रोडावली? कुटुंबे लहान झाली, की रकान्यात दुसराच धर्म लिहिला गेला? आलेख कारण सांगत नाही. पण कारण शोधायला भाग पाडतो. भाचीने एक इशाराही आलेखाखाली लिहून ठेवला आहे: १९८१ ला आसामात आणि १९९१ ला जम्मू-काश्मीरमध्ये जनगणना झाली नव्हती, म्हणजे त्या वर्षी लडाखचे बौद्ध मोजलेच गेले नाहीत. असा इशारा नसलेल्या डॅशबोर्डवर विश्वास ठेवू नये.

आणखी एक जोडी पाहा. २०११ ला महाराष्ट्रात बौद्ध सुमारे ६५ लाख ३१ हजार. त्यांपैकी अनुसूचित जातीत नोंद झालेले सुमारे ५२ लाख. "आम्ही बौद्ध झालो, आता जात कशाला सांगायची?" असे अनेकजण म्हणतात. भावना स्वाभिमानाची आहे. पण ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत राखीव जागा अनुसूचित जातींच्या लोकसंख्येवर ठरतात. जनगणनेत धर्माचा रकाना वेगळा आणि अनुसूचित जातीचा वेगळा. एक भरला म्हणून दुसरा आपोआप भरत नाही. प्रगणक दाखला मागत नाही. आपण सांगू तेच लिहितो. १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरून होणाऱ्या जनगणनेत सर्वांच्या जातींची नोंद होईल, असे सरकारने २०२५ साली जाहीर केले. तेव्हा धर्म बौद्ध आणि जात कायद्याच्या यादीतील, ही दोन्ही उत्तरे घराघरांत पाठ असली पाहिजेत.

आकडे हे शोषितांचे हत्यार आहे, हे जगात आपल्याआधीही ओळखले गेले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे विद्वान नेते डू बॉइस यांनी अटलांटा विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना घेऊन हाताने रंगवलेले आलेख १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात मांडले. गुलामीतून सुटलेल्या लोकांकडे किती जमीन आली, किती जण शिकले, हे त्यांनी जगाला दाखवले. याच डू बॉइस यांना १९४६ साली बाबासाहेबांनी पत्र लिहिले होते.

भिंतीवरचा कागद मात्र काढू नका. ज्या माऊलीकडे साधा फोन आहे, तिचा आलेख तोच. दोन्ही शेजारी असू द्या.

तथागतांनी सांगितले की, कोणी सांगतो म्हणून मानू नका, स्वतः या आणि पाहा. बोलता आलेख हेच करायला लावतो. गावोगावच्या तरुण-तरुणींनी आता आपल्या वस्तीचे आकडे हाती घ्यावेत. दहावीला किती मुली बसल्या, किती जणींनी पुढे कॉलेज धरले, शिष्यवृत्तीचे अर्ज किती आणि मंजूर किती, हे साध्या वहीत लिहायला आजच सुरुवात करा. वही नीट असली की आलेख एका दिवसात होतो. वहीच नसेल, तर जगातला कोणताही संगणक तुमच्यासाठी बोलणार नाही.

जयभीम!