शीव राखणारं गाव

कार्लाइलहून निघालेली बस इंग्लंडची हद्द ओलांडते आणि स्कॉटलंडमध्ये, एस्क नदीच्या खोऱ्यात शिरते. लँगम गावाच्या डोक्यावर, व्हिटा टेकडीच्या माथ्यावर एक उंच दगडी स्तंभ उभा आहे. १८३५ साली पायाभरणी झालेलं हे स्मारक सर जॉन माल्कमचं. जून १८१८ मध्ये दुसरा बाजीराव ज्याच्या स्वाधीन झाला, आठ लाखांच्या तनख्यावर पुण्याची गादी सोडून बिठूरला गेला, तोच हा माल्कम. पुढे तो मुंबईचा गव्हर्नर असताना, १८२९ मध्ये, कंपनीने छत्रपती प्रतापसिंहांना वाईकडचं खंडाळा गाव देऊन महाबळेश्वर घेतलं. तिथल्या माल्कमपेठेला नाव देणारा हा माणूस लँगमजवळच्या बर्नफुटचा, १७ भावंडांतला एक.

लँगममध्ये तीन नद्या मिळतात. करड्या दगडाची घरं, अरुंद बोळ, ट्वीड विणणाऱ्या गिरण्यांच्या खुणा. हा सीमेवरचा मुलूख. दोन राज्यांच्या भांडणात इथल्या टोळ्या सर्रास गुरं पळवत. त्यांत आर्मस्ट्राँग सर्वांत दांडगे. १५३० मध्ये राजा पाचव्या जेम्सने त्यांच्या जॉनीला साथीदारांसह फासावर दिलं. याच आडनावाच्या नीलला, तो चंद्रावर जाऊन आल्यावर, १९७२ मध्ये लँगमने बोलावून मानाचं नागरिकत्व बहाल केलं.

मी गेलो तो जुलैचा शेवटचा शुक्रवार, ‘कॉमन रायडिंग’चा दिवस. पहाटे पाचलाच बासऱ्यांच्या बँडने गाव उठवलं. अठराव्या शतकात गायरानाच्या हद्दीचा वाद कोर्टात गेला. १७५९ पासून शिवेवरच्या खुणा दरवर्षी फिरून तपासायची रीत पडली. आधी लोक पायी जात, मग घोड्यांवरून. निशाण घेतलेला ‘कॉर्नेट’ पुढे, मागे घोडेस्वारांची रांग. काठीवरच्या लाकडी ताटलीत जवाची भाकरी आणि खारवलेला हेरिंग मासा खिळ्याने ठोकलेला. चढणीच्या बोळातून घोडे उधळत टेकडीवर गेले आणि माल्कमच्या स्तंभाला वळसा घालून उतरले.

गायरान सांभाळलं, तरी आसपासचं माळरान बक्लूच्या ड्यूकच्या जहागिरीचंच होतं. त्यातली ५,२०० एकर जमीन लँगमकरांच्या संस्थेने देणग्या आणि अनुदानं जमवून २०२१ मध्ये ३८ लाख पौंडांना विकत घेतली. पुढच्याच वर्षी जवळपास तेवढीच आणखी. आता तिथे टारस खोऱ्याचं निसर्गराखीव क्षेत्र आहे. माल्कमने तहाच्या कलमांनी दुसऱ्यांचे मुलूख घेतले. त्याच्या गावाला स्वतःचा माळ रोख पैसे मोजून सोडवावा लागला.